धर्माच्या खोलीचं भाडं

या हाताचं दान त्या हाताला कळू नये, असं जुनी माणसं सांगत आलीत. आमच्या सिद्धाप्पा अण्णाचं दान आधी पेठेला कळतं, मग पंचगंगा ओलांडून वडणग्याला कळतं, आणि ज्याला दिलं त्याला सगळ्यात शेवटी कळतं. मला हे बोलायचा हक्क हाय, कारण मी त्याच्याच बिल्डिंगीत खाली गाळा घेऊन इस्त्रीचा धंदा करतोय आणि महिन्याच्या महिन्याला भाडं मोजतोय. नाव माझं हंबीरराव. नाव सरसेनापतीचं आणि काम दुसऱ्याच्या पँटीला घडी घालायचं, असू दे. पण माणसाच्या कॉलरीचा मळ इस्त्रीवाल्याला दिसतो तेवढा त्याच्या बायकोलाबी दिसत न्हाई.

अण्णा मूळचा शिरोळकडचा. सिद्धाप्पा बाळाप्पा हुक्केरी. घरचा ऊस, दारात ट्रॅक्टर, सगळं बेस होतं. पण पाऊस जादा झाला की कृष्णेचं पाणी शिवारात शिरायचं आणि उभा ऊस कुजायचा. एका साली अण्णानं कपाळावर हात मारला, जमिनीचा एक तुकडा विकला आणि कोल्हापुरात प्लॉट घेतला. तीन मजले चढवले. सगळ्यात वर स्वतः राहिला, बाकी खोल्या भाड्यानं लावल्या. तेव्हापासनं त्याचं एक तत्त्व ठरलंय. "हंबीर, ऊस आणि भाडेकरू एकच. एकदा लावला की कापल्या बुडख्यातनं परत खोडवा निघत राहतोय. फरक एवढाच, भाडेकरूला पाणी कमी दिलं तरी चालतंय." आणि खरंच कमी देतो. सकाळी तोंडाला साबण लावायचा आणि नळ बंद व्हायचा, ही आमच्या बिल्डिंगीची रोजची आरती.

बरं, माणूस कवडीचुंबक म्हणावा तर तसंबी न्हाई. देतो की. पण दिलेल्या वस्तूवर नाव मावलं पायजे. पेठेतल्या सिद्धेश्वराच्या देवळात पंखे अण्णाचे. प्रत्येक पात्यावर लाल रंगात नाव. पंखा फिरायला लागला की नाव दिसत न्हाई, म्हणून अण्णानं पुजाऱ्याला सांगून ठेवलंय, दिवसाउजेडी पंखा बंद ठेवायचा. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात माणसं घाम पुसत, मान वर करून अण्णाचं नाव वाचत देवाला हात जोडतात. बाकावर नाव पाठीला लागतं तिथं न्हाई, समोरनं दिसंल असं. घड्याळावर तर आकड्यांपेक्षा नाव मोठं. वेळ बघायला गेलेला माणूस अण्णाला बघून येतो.

अशा माणसाच्या कानावर एकदा कुठल्यातरी सत्काराच्या भाषणात दासोह हा शब्द पडला. आमच्याकडं दासोह म्हणजे काय ते पोरासोरांनाबी ठावं हाय. आपण घाम गाळून मिळवलेलं दुसऱ्याच्या पानात वाढायचं आणि वाढताना वाढणाऱ्यानं दास व्हायचं, मी देतोय हे विसरायचं. अण्णाला शब्द लई आवडला. पुढचं विसरायचं तेवढं तो विसरला.

त्याच साली महापूर आला. शिरोळकडं गंगव्वाचं घर बसलं. ह्या गंगव्वाचा नवरा हयातभर अण्णाच्या रानात राबून गेलेला. पोरगा-सून आधीच गेलेली, पदरात शांभवी नावाची नात, कॉलेजात शिकणारी. अण्णानं दोघींना कोल्हापूरला आणलं आणि जिन्याखालची खोली दिली. फुकट. ती खोली कशी, तर भिंतीला बारमाही ओल, खिडकी म्हणाल तर पाण्याच्या मोटारीच्या खोलीत उघडणारी. तिथं भाडेकरू कधी टिकलाच न्हाई. दोघं-तिघं डिपॉझिट सोडून पळालेले मी डोळ्यानं बघितलेत. पण धर्माची गाय, तिचे दात काय बघायचे. गंगव्वानं डोळ्याला पदर लावला आणि आत गेली.

आठवड्याच्या आत माझ्या गाळ्याशेजारी भिंतीवर संगमरवरी पाटी बसली. 'दासोह कक्ष. गरजूंसाठी विनामूल्य निवास. दाते : श्री. सिद्धाप्पा बाळाप्पा हुक्केरी.' आणि खाली एक छोटी पत्र्याची पट्टी, स्क्रूनं लावलेली. 'लाभार्थी : श्रीमती गंगव्वा.' पट्टी स्क्रूची का, तर माणूस बदलला की नाव बदलता यावं. दाता तेवढा दगडात.

आता फुकट म्हणजे काय ते ऐका. पहाटे उठून पाण्याची मोटार चालू करायची गंगव्वानं. टाकी भरली की बंद करायची गंगव्वानं. तिन्ही मजल्यांचा जिना झाडायचा, कुणाकडं कोण पावणं आलं ते बघून ठेवायचं, कुणी भिंतीला खिळा ठोकला तर वर कळवायचं, सगळं गंगव्वानं. अण्णाकडं कुणी आलं की वरनं हाक. मग तिनं पाण्याचा तांब्या घेऊन वर जायचं आणि म्हणायचं, "अण्णा देवमाणूस हाय, त्यांनी ठेवलं म्हणून आम्ही हाय." हे वाक्य तिला इतकं पाठ झालं होतं, की एकदा तापात पडली तेव्हा बरळतानाबी तेच म्हणत होती. शांभवीनं मला सांगितलं आणि बोलता बोलता तिचे डोळे भरून आले.

त्यासाठी एक लुगडंबी ठरलेलं होतं. विटलेलं इरकल, पदराला ठिगळ. पाहुणं यायचं असलं की अण्णाचा फोन, "गंगव्वा, ते जुनं नेस." बाई नेटकी. फाटकं असलं म्हणून काय झालं, चुरगळलेलं नेसून चार माणसांत जायचं तिच्या जिवावर यायचं. म्हणून ती ते लुगडं माझ्याकडं इस्त्रीला टाकायची. अण्णाच्या ध्यानात आलं तसा तो माझ्यावरच घसरला. "हंबीर, डोकं फिरलंय व्हय तुझं? इस्त्री केलेली गरिबी कुणाला दिसंल?"

ह्यावर कडी म्हणजे भाडेवाढ. खोली दिली त्याच वर्षी आम्हा सगळ्यांचं भाडं वाढलं. मी विचारलं, का हो अण्णा? तर म्हणाला, "एक खोली धर्माला काढलीया. तिचा भार कुणीतरी उचलायला नको? तुमास्नीबी पुण्य लागंल." हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ते हेच. भाडं आमचं, राबणं गंगव्वाचं, आणि पाटी अण्णाची. पुण्य तेवढं कुणाच्या खात्यावर पडलं ते सिद्धेश्वरालाच ठावं.

वर्षं गेली. शांभवी शिकली, नर्स झाली, एका खासगी दवाखान्यात लागली. पहिला पगार आला त्या दिवशी गंगव्वा नवं लुगडं नेसून, पदराच्या गाठीत पैसे बांधून माझ्या गाळ्यापाशी आली. अण्णा माझ्याच स्टुलावर बसून माझाच पेपर वाचत होता.

"अण्णा, पोरगी मिळवती झाली. आता भाडं घेत जावा."

"कशाचं भाडं?"

"खोलीचं की."

अण्णाचा चेहरा असा झाला जणू तिनं त्याच्या खिशात हात घातलाय. "धर्माच्या खोलीला भाडं असतंय व्हय? लोक काय म्हणतील मला? विधवेकडनं भाडं घेतोय म्हणतील."

मला गप बसवंना. म्हणालो, "अण्णा, दुसऱ्या मजल्यावर शिवणकाम करणारी बाईबी विधवाच हाय की. तिच्याकडनं तर घेताय."

"ती वेगळी. तिची पाटी न्हाई."

दर महिन्याला हाच तमाशा. गंगव्वा पैसे पुढं करायची, अण्णा हात मागं घ्यायचा. दाराची बेल नव्यानं लावली तर तिचं वेगळं भाडं लावणारा हा माणूस, आणि पुढ्यात आलेलं भाडं नको म्हणत होता. एकदा त्यानं मला खासगीत सांगितलं, "हंबीर, गरजू माणूस मिळवायला लई त्रास पडतोय. काही गरजू उलटं बोलतात, काहींना दारूचा नाद असतोय. ही बाई सोन्यासारखी गरजू हाय. भाडं घेतलं की संपलं. मग ती कोण आणि मी कोण?"

गंगव्वा काय म्हणाली ठावं हाय? "तम्मा," कानडीत धाकट्या भावाला तम्मा म्हणतात, ती मला तसंच म्हणायची आणि मी तिला अव्वा, "तम्मा, पूर आला तवा घेतलं ते घेतलं. पण आता पाणी ओसरलं की." आणि न घेतलेलं भाडं महिन्याच्या महिन्याला गव्हाच्या डब्यात टाकत राहिली.

एवढ्यावर भागलं असतं. पण शांभवीला हुपरीचं स्थळ आलं. घरात चांदीच्या पैंजणांचं काम, पोरगा वीरेश निर्व्यसनी, दवाखान्यात आपल्या आजीला दाखवायला आला तेव्हाच त्यानं शांभवीला बघितलेलं. पोरीच्याबी मनात भरला होता. एरवी आरशापुढं न थांबणारी पोरगी माझ्या गाळ्याच्या काचेत वेणी बघून जायला लागली. गंगव्वाला दुसरं काय पायजे होतं? हातपाय चालतात तोवर नात चांगल्या घरी पडावी, एवढ्यातच तिचा जीव अडकलेला.

वीरेशचे वडील सोमशेखर घर बघायला आले. आधी माझ्याकडं पत्ता विचारला. मी म्हणालो, "या पावणं, हेच घर." पावण्यानं मान वर केली आणि पाटी वाचली. वरनं खालपर्यंत. पट्टीवर नजर थांबली. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं, आणि पाटी माझी नव्हती.

आत चहा झाला असंल नसंल तोवर अण्णा वरनं उतरला. बोलावलं कुणी नव्हतं. खुर्ची ओढून बसला आणि सुरू झाला. "पोरगी माझ्या धर्मावर वाढलीया, पावणं. हिची आजी विचारा, खोटं बोलतोय काय. कन्यादानबी मीच करणार. पत्रिकेत नाव तेवढं ठळक टाका." गंगव्वा तांब्या हातात धरून दारात उभी, मान खाली. सोमशेखर अर्धा चहा ठेवून उठले.

चार दिवसांनी मध्यस्थाकडनं निरोप आला. मी सोमशेखरांना नावं ठेवायला बसलो होतो, पण निरोप ऐकून ठेवता आली न्हाईत. "पोरगी पसंत हाय. पण ते अण्णा दर सणाला आमच्या दारात येऊन सांगणार, ही मी दिली. गल्लीतल्या बायका पोरीला जन्मभर ऐकवणार, धर्माच्या खोलीतली. आमास्नी सून पायजे, दान नको."

शांभवी त्या दिवशी ड्युटीवर गेली ती डोळे लाल करून. गंगव्वा तडक अण्णाकडं गेली. "अण्णा, पट्टीवरचं माझं नाव तेवढं काढा. पोरीचं लगीन अडलंय."

"नाव काढलं तर पाटी अर्धवट दिसंल. दान कुणाला दिलं म्हणून सांगू?" वर आणखी म्हणाला, "आणि एवढं केलं त्याचं हेच पांग फेडतीस व्हय?"

मी म्हणालो, "अव्वा, सोड ही खोली. शांभवीच्या पगारात दुसरी बघू." तिनं मान हलवली. "खोली सोडून काय व्हतंय? फुकट राहिली हे नाव मागनं येणारच की. भाडं दिलं हे त्याच्या तोंडनं निघालं पायजे." मला हसू आलं. अण्णाच्या तोंडनं दुसऱ्याचं कौतुक निघायला अण्णाच दुसरा जन्माला यायला पायजे होता. पण गंगव्वा त्याच्या रानातली. नांगराचा बैल कुठं वळतो ते तिला ठावं होतं.

श्रावण आला. शेवटच्या सोमवारी आमच्या सिद्धेश्वराला महाप्रसाद असतो. देवळाचं जुनं मोठं पातेलं बुडाला झिजलेलं, कमिटीचे उदयसिंह घरोघर सांगत होते, कुणीतरी नवं द्या. अण्णानं देतो म्हणून सांगितलं, मग नाव बाहेरनं घालायचं का आतनंबी, ह्यावर घासाघीस करत बसला. तुमास्नी ठावं हायच, आपल्याकडं देवळाला भांडं दिलं की त्यावर नाव कोरून द्यायचं. आणि ते भांडं देवळात थोडंच राहतंय? पेठेत लग्न असो, बारसं असो, तेरावा असो, पातेलं त्या दारात जातं. शिवाय प्रसादाच्या दिवशी पंगत बसली की नव्या भांड्यावरचं नाव माईकवर वाचून दाखवायचं. हा माईक गेली कित्येक वर्षं अण्णाच्या हातात. दुसऱ्या कुणाला देतच न्हाई.

एका दुपारी गंगव्वा आली. "तम्मा, गाळा बंद कर. भांडी बाजारात जायचंय." गव्हाचा डबा बरोबर. तिनं दुकानातलं सगळ्यात मोठं पातेलं निवडलं, बोटानं वाजवून घेतलं. नाव घालणाऱ्यानं विचारलं, काय घालू? तिनं सांगितलं तसं मी त्याला कागदावर लिहून दिलं. म्हणाली, "अण्णाचं नाव पयलं घाल. मोठ्या अक्षरात. बाकीचं बारीक चालंल."

मी म्हणालो, "अव्वा, त्याचं नाव कशाला मोठं?"

"वाचणाऱ्याला आवडलं पायजे न्हवं?"

मी हुपरीला फोन लावला. "पावणं, दान घ्यायला न्हाई, प्रसाद घ्यायला या."

सोमवारी पंगत बसली. नव्या पातेल्यात हुग्गी, म्हणजे आमची गव्हाची खीर, गंगव्वानं स्वतः ढवळलेली. सोमशेखर वीरेशला घेऊन आले आणि माझ्या शेजारी बसले. मी पंखा लावायला लावला, अण्णाचं लक्ष नव्हतं. तो माईक घेऊन पातेल्याकडं चालला होता. वाकला, मोठी अक्षरं दिसली, आणि चेहरा असा फुलला की बस्स. कुणीतरी आपल्या नावानं भांडं दिलं असंच त्याला वाटलं. आपलं नाव एवढं ठळक दिसल्यावर बारीक अक्षरं आधी वाचून बघायची सवय त्याला कधीच नव्हती.

"श्री. सिद्धाप्पा बाळाप्पा हुक्केरी यांच्या," आवाज कर्ण्यातनं पार चौकापर्यंत. थांबला. सगळ्यांनी ऐकलं का बघितलं. परत एकदा म्हणाला, "श्री. सिद्धाप्पा बाळाप्पा हुक्केरी यांच्या घरी राहिल्याचे भाडे..."

इथं त्याची जीभ जरा अडखळली. पण चालत्या ट्रॅक्टरवरनं आणि चालू माईकवरनं उतरता येत न्हाई. समोर सगळी पेठ, आणि पेठेला पुढचं ऐकायचं होतं. "...भाडेकरू गंगव्वा शिवाप्पा हिजकडून, मालकांनी न घेतल्यामुळे, देवास अर्पण."

मग एक म्हातारा, कमी ऐकू येणारा, त्यालासुद्धा स्पष्ट ऐकू आलं होतं, म्हणाला, "भाडेकरू? मग ती पाटी कसली रं?" उदयसिंहांनी नेहमीच्या सवयीनं आरोळी दिली, "हर हर महादेव." पंगतीनं साथ दिली. अण्णाच्या हातात माईक, त्यालाबी म्हणावं लागलं. कर्ण्यातनं फार बारीक आवाज आला.

सोमशेखरांनी हुग्गी परत मागून घेतली. वाढायला गंगव्वाच आली. ते म्हणाले, "अव्वा, भाडेकरू हाय म्हणून आधी सांगायचं न्हाई व्हय?"

"सांगणारा दुसरा होता," ती म्हणाली, "त्याची वाट बघत होते."

अण्णा नंतर उदयसिंहांकडं गेला, नाव पुसता येईल का विचारायला. ते म्हणाले, "देवाच्या भांड्यावर खोटं असंल तर तसं लिहून द्या, पुसतो." खोटं काय होतं त्यात? दिवाळीनंतर लग्न झालं, हुपरीला. जेवणाला तेच पातेलं तिकडं गेलं होतं. कन्यादानाला गंगव्वा स्वतः बसली, आणि पत्रिकेत अण्णाचं नाव होतं, अगदी तळाशी, 'आमचे घरमालक' म्हणून.

त्याआधीच, प्रसादाच्या दुसऱ्याच दिवशी, गंगव्वानं मोटारीच्या खोलीची किल्ली अण्णाच्या हातात ठेवली. "भाडेकरूनं मोटार लावायची असती व्हय, अण्णा?" पहिले दोन दिवस टाकी कोरडी. मग पहाटे अण्णा लुंगी खोचून खाली येताना दिसायला लागला, आणि दिवस वर आला की हातात केरसुणी घेऊन जिना झाडताना. येणारा-जाणारा विचारायचा, "काय अण्णा, दासोह का?" फुकट दिलेली खोली आपल्याला किती फुकट पडत होती, ते त्याला कंबर धरल्यावर कळलं.

पत्र्याची पट्टी त्यानं काढली, दगड ठेवला. माझ्याकडं येऊन म्हणाला, "तुझ्या ओळखीत कोण गरजू हाय काय बघ की. पण कायमचा बघ. शिकणारी पोरं नसलेला." मी म्हणालो, सांगतो. अजून सांगतोय. पेठेत आता कुणी गरजू व्हायला तयार न्हाई, अण्णाच्या दारात तर न्हाईच. गंगव्वाबरोबर मात्र रीतसर अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट झालं. मुदत संपली आणि आम्हा सगळ्यांसारखीच तिलाबी भाडेवाढ लागली.

त्या दिवशी ती माझ्या गाळ्यापुढं आली ती कमरेवर हात ठेवूनच. "बघितलास व्हय तम्मा? भिंतीची ओल तशीच, पाणी बोटभर, आणि वर भाडं वाढवतोय. लाज न्हाई मेल्याला. म्हाताऱ्याच्या अंगात माणूस हाय का चक्कीचा दगड?" बोलत राहिली. तोंडभर बोलत राहिली. इतकी वर्षं ह्या बाईच्या तोंडनं अण्णाबद्दल देवमाणूस सोडून दुसरा शब्द निघाला नव्हता. आम्ही बाकीचे भाडेकरू रोज शिव्या देत होतो आणि ती एकटी तांब्या घेऊन आभार मानत होती. आज तीबी आमच्यातली झाली. खोटं कशाला बोलू, डोळ्यात पाणी आलं. मी इस्त्री बाजूला उभी केली आणि म्हणालो, "अव्वा, जरा मोठ्यानं बोल. अण्णा वर घरातच हाय."